डावीकडचा खड्डा

४ जून

शुक्रवारच्या पत्राला खर्च किती येतो, असं आज एका मुलाखतवाल्याने विचारलं. "काहीच नाही," मी म्हणालो, "कागद नाही, तिकीट नाही, पोस्टमन नाही." त्याने खूश होऊन लिहून घेतलं. खरा हिशोब इथे मांडतो, वहीशी खोटं बोलून मिळणार काय. आठ वर्षं, रोज सकाळी पाऊण तास ग्राहकांचे रेकॉर्ड केलेले फोन कानाला लावून बसणं. हेडफोनच्या पाच जोड्या. उजव्या कानात बारीक शिट्टी वाजते, ती आता मुक्कामाला आली आहे. आणि सकाळचा चहा. तो पूर्वी ही आणि मी समोरासमोर बसून प्यायचो. आता एकाच टेबलावर दोघं वेगवेगळा पितो.

मी गाद्या बनवतो. त्याआधी दुसऱ्यांनी बनवलेल्या गाद्या खांद्यावर टाकून जिने चढायचो. दारात उभं राहून घरातलं बोलणं ऐकायची सवय तेव्हाची. आता दार नाही, तर तक्रारींचे फोन ऐकतो. एखादं बोलणं मनात रुतलं की त्यावर शुक्रवारी पत्र लिहितो, ते आमच्या सगळ्या ग्राहकांना जातं. गादी घ्या असं एका ओळीतही म्हणत नाही. तरी गाद्या खपतात. या प्रकाराला कंटेंट मार्केटिंग म्हणतात, हे मला पाच वर्षं ते करून झाल्यावर कळलं.

आणि आता 'प्रभावशाली पंचवीस'च्या यादीत मी तिसरा. आमच्या क्षेत्रातल्या विचारवंतांची यादी म्हणे. विचारवंत. दहावीला गणितात दोनदा नापास झालेला माणूस. सत्तावीस तारखेला परिषद आहे, मुख्य भाषण माझं. विषय त्यांनी माझ्याच एका वाक्यावरून घेतला: 'शेवटपर्यंत ऐका'. मुलाखतीत आज परत तेच सांगितलं. लोक समोरच्याचं अर्धं ऐकतात आणि उरलेलं आपलं घालतात. मी प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकतो. माझं भांडवल तेवढंच.

यादीत घेतलं ते मार्चच्या पत्रामुळे. 'डावीकडचा खड्डा'. एक बाई फोनवर म्हणाली, नवी गादी छान आहे हो, पण जुनीत डावीकडे खड्डा होता, बावीस वर्षांचा, तसा करून मिळेल का. फोन घेणाऱ्या आमच्या मुलीने विचारलं, खड्डा म्हणजे? बाई म्हणाली, "ह्यांचा." आणि पुढे बोलू शकली नाही. माणूस जातो, गादीला त्याचा आकार राहतो. मी एका बैठकीत लिहिलं. दोन लाख ऐंशी हजार लोकांनी वाचलं. पुरुष रडल्याची पत्रं आली.

ही चहा ओतताना म्हणाली, "त्या खड्ड्यावरून आठवलं, आईंच्या शेवटच्या वर्षात त्यांच्या गादीचं आपण काय..." तेवढ्यात परिषदेच्या संयोजक बाईंचा फोन आला. हल्ली ही आईची आठवण फार काढते. वयाप्रमाणे हळवी होत चालली आहे.

७ जून

संयोजक बाईंना नवीन कल्पना सुचली आहे. मी खड्ड्याची गोष्ट सांगायची, शेवटच्या वाक्याला दिवे मंद, आणि त्या बाई स्वतः मंचावर येणार. "बाराशे लोक उभे राहतील," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, विचारून बघतो. मनात म्हटलं, यादीतला दुसरा क्रमांक आता फार लांब नाही.

दुसऱ्या क्रमांकावर चौकटवाले आहेत. नाव मीच ठेवलं. जगातली कुठलीही गोष्ट ते एका चौकटीत बसवतात आणि चारही कोपऱ्यांवर शब्द लिहितात. त्यांच्याकडे विकायला वस्तू कुठलीच नाही, चौकटीच विकतात. माणूस गोड आहे. "साहेब, तुमची गोष्ट मी माझ्या वर्गात शिकवतो," म्हणाले. न विचारता शिकवतात हेही त्यांनीच सांगितलं.

फोनवाल्या ताईंकडे नंबर मागितला. तक्रारींची खोली त्या पहिल्या दिवसापासून सांभाळतात. नंबर देताना जरा घुटमळल्या.

"त्या बाईंचे नंतर तीन फोन आलेत, साहेब."

"मग सांगितलं का नाहीत?"

"चांदणी होती ना त्यांच्या फोनवर. चांदणी म्हणजे तुमच्याकडे."

ही पद्धत माझीच. जो फोन मला पत्रासाठी हवा, त्यावर मी कॉम्प्युटरवर चांदणीची खूण लावतो. मग तो तक्रारींच्या यादीतून उठतो आणि माझ्या कप्प्यात येऊन बसतो, म्हणजे दुसऱ्या कुणी त्याला हात लावू नये. त्याच ग्राहकाचे पुढचे फोनही तिथेच येतात. सहसा आभाराचे असतात, म्हणून मी उघडत नाही.

तीन फोन. पत्र फारच आवडलेलं दिसतं.

११ जून

बाईंना फोन केला. नाव सांगितलं, कंपनी सांगितली.  मग, "म्हणजे पत्र लिहिणारे तुम्हीच का?"

"हो, मीच तो." आवाजात थोडं हसू ठेवलं, लोकांना बरं वाटतं.

"आता नको. आत्ता कुठे डोळा लागलाय त्यांचा." आणि ठेवला.

वडील असावेत घरात. किंवा थोरले दीर. एकटी बाई, तीही म्हाताऱ्या माणसाचं करते आहे, हे कळलं असतं तर पत्रात घेतलं असतं. आवाज कोरडा होता. दुःख असं कोरडं होतं कधीकधी. हे वाक्य भाषणात चालेल.

१२ जून

आरशासमोर तालीम. सव्वीस मिनिटं. "ह्यांचा" या शब्दानंतर सहा सेकंद थांबायचं. घड्याळ लावून थांबलो. चौथ्या सेकंदाला माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "एक विचारू का?" मी बोटाने थांब म्हटलं, दोन सेकंद बाकी होते. नंतर बघितलं तर ती गेली होती.

१५ जून



अकरा वाजता बाईंचा फोन आला. मी म्हटलं, परिषद आहे, आपण यावं, आपल्या यजमानांच्या स्मृतीला...

"थांबा," त्या म्हणाल्या. "कुणाच्या स्मृतीला?"

मी परत म्हटलं.

"ते आत पडलेत," त्या म्हणाल्या. "सूप पाजून आत्ताच आले मी. तुम्ही दोन लाख लोकांत त्यांना मारून टाकलंत. माझ्या दिरांचा फोन आला होता, वहिनींनी कळवलंही नाही म्हणून रडत. मी काय सांगायचं त्यांना?"

आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. मी आयुष्यभर चिडलेली माणसं शांत केली आहेत, शांत माणसाचं काय करायचं ते मला येत नाही.

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, ह्यांचा खड्डा..."

"आणि पुढे काय म्हणाले मी?"

मला माहीत नव्हतं.  त्यांना ते कळलं. "नाहीच ऐकलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं सांगितलं, आणि फोन ठेवला.

ताईंच्या खोलीत जाऊन रेकॉर्डिंग लावलं. "ह्यांचा." हुंदका. मग आमची मुलगी म्हणते, "थांबा हं, वरिष्ठांना विचारते," आणि थांबवून ठेवायची धून सुरू होते. ती धून मीच निवडली होती. बासरी आहे. इथे मी मार्चमध्ये बंद केलं होतं. गोष्ट मिळाली होती.

आज चालू ठेवलं. अडीच मिनिटं बासरी. मग बाई परत बोलतात, आता डोळे पुसून, नीट. त्यांच्या यजमानांच्या डाव्या अंगावरून वारं गेलंय, तीन वर्षं झाली. स्वतःहून कुशीवर होता येत नाही. जुन्या गादीत खड्डा होता, त्यात ते बसल्यासारखे राहायचे. नवी गादी फुगीर, कडेला उतरती. ते घसरतात. एकदा पडलेही, पण उशा होत्या खाली. "फार काही मागत नाही, कडा तरी उंच करून द्या. मला एकटीला उचलता येत नाहीत ते. परत पडले तर..." आमची मुलगी म्हणते, "आज उद्यात माणूस पाठवतो, काकू." तिने तशी नोंदही केली होती. त्याच दिवशी मी चांदणी लावली. नोंद यादीतून उठली.

फोन पाच मार्चचा. पत्र चौदाला गेलं. एकोणीसला ते परत पडले. खुब्याचं हाड मोडलं. हे कप्प्यातल्या पुढच्या तीन फोनांमधून कळलं. एक फोन पडण्याच्या आधीचा होता, दोन नंतरचे. तिन्हींत एकदाही आवाज चढलेला नाही.

ताई खुर्ची धरून उभ्या होत्या. "आम्हाला वाटलं तुम्ही स्वतः बघताय," म्हणाल्या.  त्यांना तसं वाटावं अशीच तर व्यवस्था मी केली होती.

१६ जून

संयोजक बाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे अजून कुणाला माहीत आहे?" मी म्हटलं, त्यांच्या घरच्यांना, आमच्या ताईंना आणि मला. "मग त्यांना मंचावर नको आणायला. बाकी भाषण तसंच ठेवा. गोष्ट काही तुमच्या एकट्याची राहिलेली नाही आता."

चौकटवाल्यांना त्यांनीच कळवलं असणार, तासाभरात त्यांचा फोन. "साहेब, लोकांना त्या बाईंशी देणंघेणं नाही हो. प्रत्येकाला आपापला खड्डा दिसला. ती गोष्ट खरी नसली तरी चालते आहे." मग, "आणि समजा खरं सांगायचंच असेल, तर तेही मंचावरच सांगा. कबुली. याहून जोरात काय असणार? पहिल्या क्रमांकावर जाल."

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. फोन ठेवल्यावर मी कबुलीचं भाषण लिहायला बसलो. चांगलं उतरलं. खड्ड्याच्या पत्राहून चांगलं. "मी एका जिवंत माणसाला मारलं" इथून सुरुवात. मग बघतो तर समासात मी पेन्सिलीने लिहिलं होतं: इथे आठ सेकंद.

१९ जून

आज हेडफोन कपाटात ठेवून चहाला बसलो. हिने माझ्याकडे असं बघितलं, की मला ताप आलाय की काय.

सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

"माणूस अंथरुणाला खिळलेला असणार. आईंच्या वेळी आपली नवी गादी आणली होती ना तुम्ही, कारखान्यातली पहिली. त्या घसरायच्या तिच्यावरून. मी तिसऱ्या दिवशी जुनीच परत घातली. खड्डा होता तिला, त्यात त्या नीट राहायच्या. पत्र वाचलं तेव्हाच म्हटलं, ही बाई माझ्यासारखीच कुणाचं तरी करते आहे. मेलेल्या माणसाचा खड्डा कुणी कशाला करून मागेल हो, त्याला रोज बघायला?"

"मग बोलली का नाहीस?"

तिने बशी उचलली, कप उचलला. "किती वेळा सुरुवात करायची माणसाने," म्हणाली आणि आत गेली.

आईची गादी बदलली होती, हे मला आज कळलं. मी तेव्हा सगळ्यांना सांगत फिरायचो, माझी आई माझ्या गादीवर गेली.

२३ जून

भाषणाला येत नाही म्हणून कळवलं. संयोजक बाई आधी हसल्या, मग रागावल्या, मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "यादी अजून छापायला गेलेली नाही, एवढं लक्षात असू द्या." मी म्हटलं, असू दे. म्हणताना वाटलं तितकं सोपं नव्हतं. ठेवल्यावर पाच मिनिटं फोनकडेच बघत होतो, त्या परत करतील म्हणून. माझ्या नावाचा फलक आधीच लागलाय चौकात, माझा फोटो, हात कानाला लावलेला.

कारखान्यातल्या मिस्त्रींना गादी सांगितली. ते माझ्याहून जुने, दोघांनी मिळून जिने चढलेत. "कडा चार बोटं उंच, आणि डावीकडे दबलेली," मी म्हटलं.

"किती दबलेली?"

"माहीत नाही."

"माणसाचं वजन? खांदा किती रुंद? कुठल्या कुशीवर झोपतो?"

 मिस्त्री टेप गळ्यात अडकवून म्हणाले, "मोठा लेखक झालास तू. गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं विसरलास."

बाईंना फोन केला, माप घ्यायला येऊ का विचारलं. "माप घेऊन जा," त्या म्हणाल्या, "पण लिहायचं नाही." मी हो म्हटलं. आज मिस्त्री एकटेच जाऊन आले.

२७ जून

शुक्रवार. आठ वर्षांत पहिल्यांदा पत्र गेलं नाही.

दहा वाजता मी, ही आणि मिस्त्री गादी घेऊन निघालो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी आणि मिस्त्रींनी खांद्यावर घेतली. दुसऱ्या मजल्यावर माझा श्वास संपला. मिस्त्री म्हणाले, "विचारवंत, जरा टेका."

लहान घर, स्वच्छ. भिंतीवर सात घड्याळं, सगळी बरोबर वेळ दाखवणारी. बाई माझ्या कल्पनेपेक्षा लहान चणीच्या. या माणसाला त्या कशा उचलत असतील, हा प्रश्न पडला आणि मग आठवलं, त्यांनी तेच तर सांगितलं होतं. पलंगावर ते. पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे. तोंड एका बाजूला वाकडं, पण डोळे लख्ख. माझ्याकडे नीट न्याहाळून बघितलं.

"मयताला... उशीर केलात," ते म्हणाले. शब्द सावकाश येत होते, पण येत होते. "तीन महिने... वाट बघितली."

मिस्त्रींना हसू आवरेना. बाईसुद्धा तोंड फिरवून हसल्या. मी हात जोडले, मला हसणं जमलं नाही. मी चुकलो म्हणालो. त्यासाठी काही वाक्यं ठरवून नेली होती, ती आठवली नाहीत. बरंच झालं.

बाई म्हणाल्या, "चूक कबूल केलीत, ठीक. पण मी तीन-तीनदा फोन करत होते, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी सांगितलं. सत्कार घेत होतो. त्यांनी मान हलवली, जणू हे उत्तर त्यांना अपेक्षित होतं आणि खोटं बोललो नाही एवढंच नवीन होतं.

मग कामाला लागलो. चौघांनी चादरीसकट त्यांना उचललं. हिने पाठीखाली हात कसा घालायचा ते दाखवलं, मला आणि मिस्त्रींना. बाई थबकून हिच्याकडे बघायला लागल्या. "कुणाचं केलंय का तुम्ही?" "सासूबाईंचं. दीड वर्ष." एवढंच बोलणं झालं, पण पुढचा अर्धा तास त्या दोघी एकमेकींना न विचारता उशी, चादर, हात पुढे करत होत्या. मी कडेला उभा होतो. आईचं दीड वर्ष चाललं होतं, हा आकडा मला हिच्या तोंडून कळला. मी नेहमी काही महिने म्हणतो.

गादीत ते नीट बसले. बाईंनी कडेवर मूठ आपटून बघितली, दोनदा. मग पलंगाच्या खाली अंथरलेल्या उशा उचलून कपाटात ठेवल्या. एकच तेवढी राहू दिली.

निघताना ते म्हणाले, "पत्रात... एक ओळ टाका. मी आहे... म्हणावं." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "एकच ओळ," त्या म्हणाल्या.

खाली उतरताना फोनवर परिषदेचे फोटो येऊन पडले होते. माझ्या जागी चौकटवाले उभे. मागे पडद्यावर गादीचं चित्र, डावीकडे खड्डा, चार कोपऱ्यांवर चार शब्द. बाराशे लोक उभे. कुणीतरी खाली लिहिलं होतं, त्या विधवेची गोष्ट ऐकून सगळं सभागृह रडलं.

४ जुलै

पत्र पाठवलं. एकच ओळ: 'डावीकडचा खड्डा' या पत्रातले गृहस्थ हयात आहेत, चूक माझी.

दुपारपर्यंत चारशे उत्तरं. बरीचशी अशी, की मागचं पत्र जास्त भिडलं होतं. एकाने विचारलंय, हा नवा प्रयोग आहे का, पुढचा भाग कधी. संयोजक बाईंनी यादी पाठवली. पंचवीसच नावं आहेत, तिसऱ्या जागी कुणी कपडे धुण्याचा साबण विकणारा तरुण.

चांदणीची पद्धत आज बंद केली. आता फोन यादीतून उठत नाही, त्याचं काम होईपर्यंत तिथेच राहतो. ताईंनी विचारलं, जुन्या चांदण्यांचं काय करायचं? मी म्हटलं, सगळ्या काढा, एकेक करून फोन लावू. मशीनला माहीत असतं म्हणे, कुठला फोन मी कुठपर्यंत ऐकला. हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, त्याचाही आकडा काढून द्या.

५ जुलै

ताईंनी कागद आणून दिला आणि गेल्या. चहा निवत होता. ही समोर बसली होती, तिला वाचून दाखवला.

आठ वर्षांत चांदणी लावलेले फोन, तीनशे एक्क्याऐंशी. शेवटपर्यंत ऐकलेले, चौदा.